जीएसटीला ठाऊक, बंबाला नाही

घरात ज्वालाग्राही रसायनं ठेवता का, असं कुणी विचारलं तर आपण सगळे छाती ठोकून 'नाही' म्हणू. मग देवघरातला कापूर काय आहे? कपाटातल्या नॅप्थलीनच्या गोळ्या? गॅसशेजारची काडेपेटी? संयुक्त राष्ट्रांच्या धोकादायक मालाच्या यादीत या तिघांनाही स्वतःचा चार आकडी नंबर आहे. कृत्रिम कापूर २७१७, नॅप्थलीन १३३४, सेफ्टी काडेपेटी १९४४. तिघंही वर्ग ४.१ मधले, म्हणजे ज्वालाग्राही घन पदार्थ. आरतीच्या ताटात एक वडी जळते तेव्हा प्रसन्न वाटतं. त्याच वड्या दहा टन, ताडपत्रीखाली, मे महिन्यात, घाटाच्या उतारावर ब्रेक तापलेल्या ट्रकात असल्या की प्रकरण वेगळं होतं.

तर मंडळी, या वीकेंडचा विषय हा. कंटाळवाणा आहे, माहीत आहे. पण गेले काही दिवस डोक्यात हा किडा वळवळतोय आणि तो बाहेर काढल्याशिवाय दुसरं काही सुचणार नाही.

पेट्रोल, डिझेल, गॅस यांची भीती आपल्याला जन्मजात असते. टॅंकर उलटला म्हणजे पळायचं, एवढं कळतं. पण घन पदार्थ म्हटलं की आपण निर्धास्त. पोती आहेत, पावडर आहे, त्यात काय एवढं? सांडलं तर भरून घ्यायचं, पेटलं तर पाणी मारायचं. इथंच सगळा घोळ आहे. द्रव इंधनांच्या आगी स्वभावाने बऱ्याचशा एकमेकींसारख्या असतात. घन पदार्थांचं तसं नाही. इथं एकाचं औषध म्हणजे दुसऱ्याचं विष आहे, आणि हे मी अलंकारिक अर्थाने म्हणत नाहीये.

गंधक घ्या. पिवळी पोती, साखर कारखान्यात लागतं, खतात लागतं, द्राक्षाच्या बागेत लागतं. गंधक जळतं निळसर ज्वाळेने, जी भर दुपारी दिसतही नाही. आग दिसत नाही पण सल्फर डायऑक्साइड घशात उतरतो. त्यावर पाणी चालतं, पण बारीक फवारा. जोरदार धार मारलीत तर पूड उडते, हवेत ढग तयार होतो आणि त्या ढगाचाच स्फोट होऊ शकतो. म्हणजे पाणी बरोबर, नोझल चूक, आणि तेवढ्याने माणूस गेला.

आता सोडियम. त्यावर पाणी अजिबात नाही. पाणी लागलं की हायड्रोजन सुटतो, उष्णता सुटते आणि तोच हायड्रोजन पेट घेतो. कॅल्शियम कार्बाइड, ज्याने चोरून आंबे पिकवतात ते, पाण्याने ॲसिटिलीन सोडतं. इथं कोरडी वाळू हवी. आणि पांढरा फॉस्फरस? तो तर पाण्याखालीच ठेवतात. हवा लागली की आपोआप पेटतो, त्यामुळे त्याला सतत ओला ठेवायचा. कोरडा झाला की पुन्हा पेटतो. नायट्रोसेल्युलोजचंही तसंच. रंग, वॉर्निश, छपाईची शाई यांत लागणारा हा पांढरा कापसासारखा माल पाणी किंवा अल्कोहोलने भिजवूनच पाठवतात. भिजलेला असेल तोवर तो ज्वालाग्राही घन पदार्थ. सुकला की तो स्फोटकच समजायचा.

ॲल्युमिनियमच्या पावडरीला तर दोन नंबर आहेत. कणांवर लेप असेल तर १३०९, वर्ग ४.१. लेप नसेल तर १३९६, वर्ग ४.३, म्हणजे 'पाणी लागल्यास धोकादायक'. दिसायला दोन्ही सारख्याच करड्या. गोणी फाटून रस्त्यावर सांडली तर कुठली कुठली, हे डोळ्यांनी सांगणारा माणूस मला दाखवा.

एवढं पुराण सांगायचं कारण, आपल्याकडे अग्निशमन म्हटलं की चर्चा फिरते ती शौर्यावर, नाहीतर उंच शिडीच्या किमतीवर. शौर्य हवंच आणि शिडीही हवी. पण ज्वालाग्राही घन पदार्थाच्या आगीत पहिल्या पाच मिनिटांत फायरमनला हवं असतं एक उत्तर: आत काय आहे? ते उत्तर नसेल तर त्याचं शौर्य हा त्याच्या जिवाशी खेळलेला जुगार असतो, आणि पत्ते पिसलेले असतात तुमच्या-आमच्यासारख्यांनी.

माझा एक शाळेतला मित्र एका नगरपालिकेच्या अग्निशमन दलात आहे. मागे भेटला तेव्हा मी विचारलं, नक्की कसं कळतं रे तुम्हाला? तो म्हणाला, "अरे, फोन येतो की ट्रक पेटलाय. बस. कशाचा ट्रक ते पोचल्यावर बघायचं. पाटी दिसली तर पाटी, नाहीतर वास." मी म्हटलं, वास? तर म्हणतो, "हो लेका. आणि वास आला म्हणजे ते नाकात गेलंच की." आणि हसला. मला काही हसू आलं नाही.

तुम्ही म्हणाल, हे आपल्याच देशातलं रडगाणं. नाही. १२ ऑगस्ट २०१५ ची रात्र, चीनमधलं तिआनजिन बंदर. रुईहाई नावाच्या कंपनीचं धोकादायक मालाचं गोदाम. एका कंटेनरमध्ये नायट्रोसेल्युलोज होतं. त्याला भिजवून ठेवणारा ओलावा उडाला, उन्हाळ्याच्या उष्णतेने ते आतल्या आत तापत गेलं आणि आपोआप पेटलं. रात्री १० वाजून ५० मिनिटांच्या सुमारास आग लागली. बंदराचे बंब आले, मग शहराचे आले. अधिकाऱ्यांनी कंपनीच्या माणसांना विचारलं, नक्की काय पेटलंय? जागेवरच्या कुणालाच माहीत नव्हतं. पुन्हा वाचा हे वाक्य. गोदाम त्यांचं, कंटेनर त्यांच्या अंगणात, आणि आत काय ते त्यांना ठाऊक नाही. आवारात १११ प्रकारचा, ११ हजार टनांहून जास्त धोकादायक माल होता. त्यात सुमारे ८०० टन अमोनियम नायट्रेट होतं. ११ वाजून ३४ मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या मिनिटाने दुसरा, पहिल्यापेक्षा कितीतरी मोठा.

१६५ मृत, ८ बेपत्ता. त्या १६५ मध्ये ९९ अग्निशमन दलाचे जवान आणि ११ पोलीस. म्हणजे मेलेल्यांपैकी दोन तृतीयांश लोक मदतीला आलेले होते.

यानंतर जे झालं ते जास्त चीड आणणारं आहे. पहिल्या काही दिवसांत चर्चा कशाची, तर फायरमननी पाणी मारलं म्हणून स्फोट झाला का! आवारात कार्बाइड होतं, त्यावर पाणी पडलं असेल, वगैरे वगैरे. वीस-बावीस वर्षांची पोरं होती त्यांतली कित्येक. त्यांना कुणी सांगितलं नाही आत काय आहे, आणि वर मेल्यावर त्यांचीच परीक्षा. पुढे सरकारी चौकशीचा अहवाल आला. त्यात मूळ कारण सुकलेलं नायट्रोसेल्युलोज आणि त्या आगीत तापलेलं अमोनियम नायट्रेट हेच निघालं. परवान्यापासून साठ्यापर्यंत घोटाळे सापडले. नोव्हेंबर २०१६ मध्ये ४९ जणांना शिक्षा झाल्या, त्यात २५ सरकारी अधिकारी होते. असो.

बैरूतचंही तेच. ४ ऑगस्ट २०२०. बंदरातल्या गोदामाला आग लागली म्हणून दहा जणांची तुकडी पाठवली, गोदामात २,७५० टन अमोनियम नायट्रेट आहे हे त्यांना कुणी सांगितलं नाही. दहाच्या दहा गेले.

आता आपल्या घरचं उदाहरण घेऊ, कारण त्यातून माझ्या युक्तिवादाला एक खोच बसते. १४ एप्रिल १९४४, मुंबईचा व्हिक्टोरिया डॉक, फोर्ट स्टिकीन जहाज. जहाजावर सुमारे १,४०० टन स्फोटकं आणि दारूगोळा, आणि कराचीत चढवलेल्या कापसाच्या हजारो गाठी. कापूस म्हणजे अगदी शब्दशः ज्वालाग्राही घन पदार्थ. दाबून बांधलेली गाठ आतून धुमसते, वरून कितीही पाणी मारा, आत पोचत नाही. दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला. चार वाजून सहा मिनिटांनी स्फोट झाला. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. आज १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात तो याच घटनेमुळे.

खोच अशी की इथं माहिती होती. जहाजावर स्फोटकं आहेत हे जहाजावरच्या लोकांना माहीत होतं. दोन तास मिळाले होते. पण जहाज जागच्या जागी बुडवायचं, की ओढून बंदराबाहेर न्यायचं, की नुसतं पाणी मारत राहायचं, याचा निर्णयच झाला नाही. ज्याच्या त्याच्या अधिकाराची हद्द वेगळी. तोवर बिचारे फायरमन पाणी ओतत राहिले.

म्हणजे नुसती माहिती पुरत नाही. माहितीला निर्णय आधीच चिकटवलेला असावा लागतो. आग लागल्यावर, धुरात, चार साहेबांच्या देखत निर्णय घेता येत नाहीत. ते शांत डोक्याने, आधी, टेबलावर घेऊन ठेवायचे असतात.

आणि हे काम कुणीतरी करून ठेवलंय! अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको मिळून दर चार वर्षांनी एक जाड खिशातलं पुस्तक काढतात, इमर्जन्सी रिस्पॉन्स गाइडबुक. शेवटची आवृत्ती २०२४ ची. फुकट मिळतं, मोबाइलवर ॲपही आहे. चार आकडी नंबर बघायचा, समोर मार्गदर्शिकेचा क्रमांक मिळतो, ते पान उघडायचं. गंधक १३५०, पान १३३. सांडलं असेल तर सगळ्या बाजूंनी किमान २५ मीटर मोकळं करा. खूप सांडलं असेल तर वाऱ्याच्या दिशेने १०० मीटरपर्यंत लोक हलवायचा विचार करा. अख्खा टॅंकर किंवा वॅगन आगीत सापडली असेल तर ८०० मीटर. ठिणगी, सिगारेट, ज्वाळा काहीही जवळ नको. थोडं कोरडं सांडलं असेल तर स्वच्छ फावड्याने स्वच्छ कोरड्या डब्यात भरा, झाकण घट्ट लावू नका. सोडियम १४२८, पान १३८. पहिल्याच ओळीत ठळक अक्षरांत, पाणी किंवा फोम वापरू नका. नायट्रोसेल्युलोज २५५५, पान ११३. ओलं ठेवा, सुकलं असेल तर स्फोटक समजून वागा. विषय संपला. कुणाच्या हुद्द्याचा प्रश्नच येत नाही.

आपल्या भाषेत सांगायचं तर हे रनबुक आहे. रात्री तीनला सर्व्हर पडला की ऑन-कॉल असलेल्या पोराच्या फोनवर काय येतं? कुठली मशीन, कुठली सर्व्हिस, कुठला एरर आणि रनबुकची लिंक. "कुठंतरी काहीतरी मोडलंय, जाऊन वास घे" असा अलर्ट कुणी पाठवला तर आपण दुसऱ्या दिवशी राजीनामा देऊ. आणि आपल्या आउटेजमध्ये मरतं काय? कुणाचं तरी शॉपिंग कार्ट.

मग आपल्याकडे कायदा नाही का? आहे की! केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९. धोकादायक माल नेणाऱ्या गाडीवर, दोन्ही बाजूंना आणि मागे, आपत्कालीन माहितीची पाटी हवी. मालाचं तांत्रिक नाव किमान ५० मिलिमीटर उंच अक्षरांत, संयुक्त राष्ट्रांचा क्रमांक १०० मिलिमीटर उंच आकड्यांत, वर्गाचं चिन्ह, संकटात फोन करायचे नंबर. शिवाय ड्रायव्हरला मालाची लेखी माहिती द्यायची, जिला ट्रेम कार्ड म्हणतात. ड्रायव्हरला आठव्या परिशिष्टातली एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता यायला हवी आणि त्याचं प्रशिक्षण झालेलं हवं. कागदावर सगळं सुरेख आहे. ज्यांनी लिहिलं त्यांना नावं ठेवायचं कारण नाही.

पण जरा डिझाइन म्हणून बघा. ट्रेम कार्ड कुठं ठेवायचं? नियमानुसार ड्रायव्हरच्या केबिनमध्ये. म्हणजे ज्या गाडीला आग लागणार, त्याच गाडीच्या केबिनमध्ये. बॅकअप त्याच डिस्कवर! ड्रायव्हर एकतर जखमी असतो, किंवा जमाव मारेल या भीतीने पळालेला असतो. (आणि जमाव मारतोच, त्यामुळे त्याला दोष कसा देणार?) पाटीवरची अक्षरं पाच सेंटीमीटरची. चिखलात माखलेली, रात्रीची, धुरात. पुस्तक म्हणतं २५ मीटर लांब राहा, पेटलं असेल तर ८०० मीटर. पाच सेंटीमीटरचं अक्षर ८०० मीटरवरून वाचायला गरुडाचे डोळे लागतील. म्हणजे नंबर वाचायला फायरमनने त्याच वर्तुळात शिरायचं, ज्यात शिरू नये हे त्या नंबरवरून कळणार आहे. गाडी नेमकी पाटीच्या कुशीवर उलटली असेल तर तोही प्रश्न मिटला.

आणि ही झाली टॅंकरची कथा. खरी गंमत पार्ट लोडची. ताडपत्री बांधलेला ट्रक, आत वीस पार्ट्यांचा माल. सायकलचे टायर, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि मधेच चार ड्रम ॲल्युमिनियम पावडर. तळोजा, पाताळगंगा, रोहा, महाड, लोटे, कुरकुंभ, तारापूर, नाव घ्याल त्या औद्योगिक वसाहतीतून असे ट्रक निघतात आणि त्यांच्याच मागे आपण लोणावळ्याची चिक्की खात उभे असतो.

आता मुख्य मुद्द्यावर येतो, ज्यासाठी एवढा वेळ कीबोर्ड बडवला. त्या ट्रकात काय आहे हे कुणालाच माहीत नाही असं तुम्हाला वाटतं ना? माहीत आहे. सरकारला माहीत आहे. व्यवस्थित, डेटाबेसमध्ये, गाडीच्या नंबरासकट.

१ एप्रिल २०१८ पासून राज्याबाहेर जाणाऱ्या ५० हजार रुपयांवरच्या मालाला ई-वे बिल लागतं. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखावरच्या. त्या बिलात मालाचा एचएसएन कोड असतो, वजन-संख्या असते, कुठून कुठं ते असतं आणि 'भाग ब'मध्ये गाडीचा नंबर असतो. गंधक २५०३. सोडियम २८०५ ११. कार्बाइड २८४९ १०. नायट्रोसेल्युलोज ३९१२ २०. काडेपेट्या ३६०५. एका गाडीत वीस पार्ट्यांचा माल असेल तर त्यासाठी एकत्रित ई-वे बिल आहे. म्हणजे पार्ट लोडचं कोडंसुद्धा सुटलेलं आहे! २०२१ पासून फास्टॅगच्या नोंदीही याला जोडल्या गेल्या, त्यामुळे ती गाडी कुठल्या टोलनाक्यावरून किती वाजता गेली हेही कर अधिकाऱ्याला दिसतं.

काय राव! रस्त्यात उभा असलेला कर निरीक्षक मोबाइलवर गाडीचा नंबर टाकून सांगू शकतो की आत कार्बाइड आहे आणि त्यावर कर भरलाय की नाही. आणि त्याच गाडीवर पाण्याची धार धरून उभा असलेला फायरमन वास घेतोय. ही गरिबी नाही, तंत्रज्ञान नाही म्हणून रडायची सोय नाही. आपण ठरवलंय की सरकारचे अठरा टक्के बुडू नयेत हे महत्त्वाचं. माणूस बुडाला तर बघू.

मागणी साधी आहे. ११२ किंवा १०१ वर फोन आला, 'ट्रक पेटलाय, नंबर अमुक अमुक'. नियंत्रण कक्षातल्या माणसाने नंबर टाकावा आणि त्याला दिसावं: संयुक्त राष्ट्रांचा क्रमांक, वर्ग, पाणी चालेल की नाही, किती मीटर. बाकी काही नको. किंमत नको, मालक नको, पावती नको. ते वायरलेसवरून बंबाला सांगावं, म्हणजे घाटात मोबाइलला रेंज नाही ही तक्रारही उरत नाही. बंब वळणावर पोचायच्या आधी आतल्या माणसांना माहीत असेल की वाळू काढायची की फवाऱ्याचं नोझल लावायचं, की दूर थांबून नुसता रस्ता बंद करायचा. कधी कधी तेच बरोबर उत्तर असतं, जळू द्यायचं. पण हे म्हणायलासुद्धा आत काय ते माहीत असावं लागतं, नाहीतर टीव्हीवर 'बघ्याची भूमिका' म्हणून बोंब होते.

यात एक खरी अडचण आहे, ती लपवत नाही. एचएसएन कोड करासाठी बनलाय, आगीसाठी नाही. २८४९ हा चार आकडी कोड सगळ्या कार्बाइडांचा. त्यात कॅल्शियम कार्बाइड येतं, ज्यावर पाणी म्हणजे मरण, आणि सिलिकॉन कार्बाइडही येतं, ज्याने सुऱ्यांना धार लावतात आणि जे जळतही नाही. चार आकड्यांवर विसंबलो तर धारेच्या दगडांच्या ट्रकापासून गाव हलवावं लागेल. ॲल्युमिनियम पावडरीला लेप आहे की नाही, नायट्रोसेल्युलोज किती भिजलंय, हे एचएसएन सांगत नाही. म्हणून बिलाच्या फॉर्ममध्ये एक रकाना वाढवायचा: संयुक्त राष्ट्रांचा क्रमांक. आणि धोकादायक मालाला ५० हजार, एक लाख असली मर्यादा ठेवायची नाही, कारण आग बिलाची रक्कम बघत नाही. एक रकाना, बॉस. आपण क्लायंटसाठी एका वीकेंडला यापेक्षा जास्त रकाने वाढवतो आणि पिझ्झा खाऊन घरी जातो.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा. ही माहिती चुकीच्या हातात पडली तर? अहो, ती गाडीवर तीन बाजूंनी रंगवायचा कायदा आहे! जी गोष्ट रस्त्यावरचा प्रत्येक माणूस वाचू शकतो असं गृहीत धरलंय, ती फक्त अग्निशमन दलाच्या नियंत्रण कक्षाला दिल्याने देश कसा बुडेल? व्यापारी गुपिताचंही तेच. वर्ग ४.३ आणि 'पाणी नको' एवढ्यातून कुणाचा फॉर्म्युला फुटत नाही.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात जास्त वेळा ऐकवला जातो: लोक खोटं लिहितील. हो, लिहितील. तिआनजिनमध्येही सगळं कागदावर ठीकठाकच दाखवलं होतं. पण करासाठी खोटं लिहिलं तर आपण गाडी अडवतो, माल जप्त करतो, दंड लावतो. त्या भीतीने बरेच लोक खरं लिहितात. तीच भीती या रकान्याला लावा. शिवाय एचएसएन आणि नवा क्रमांक एकमेकांशी जुळत नसेल तर बिल तयार होतानाच अडवता येतं. ही तपासणी लिहायला संगणकशास्त्रातली पदवीसुद्धा लागत नाही.

आणि चौथा आक्षेप, जो कुणी उघड बोलत नाही: यात कुणाचा फायदा? खरंच कुणाचा नाही. बिर्याणीचा रायडर कुठल्या सिग्नलला थांबलाय हे मला मिनिटामिनिटाला दाखवायला कंपन्यांनी कोट्यवधी ओतले, कारण त्यात धंदा आहे. आपल्यातले हुशारातले हुशार लोक ते नकाशे बनवतात. मीही त्याच धंद्यातला आहे, म्हणून मला बोलायचा हक्क आहे. पाण्याचा बंब घेऊन कार्बाइडकडे निघालेल्या नगरपालिकेच्या जवानाचं ॲप कोण बनवणार? तो काही फाइव्ह स्टार देणार नाही. म्हणून ही मागणी बाजाराकडे करून उपयोग नाही. ती सरकारकडेच करावी लागेल, आणि सरकारला ऐकू यायला ती शहीद दिनाच्या भाषणांपेक्षा मोठ्या आवाजात करावी लागेल. दर १४ एप्रिलला पुष्पचक्र वाहणाऱ्या मंत्र्याला एखाद्या पत्रकाराने भाषणानंतर एवढंच विचारावं: साहेब, या क्षणी घाटातून जाणाऱ्या गाड्यांत काय आहे ते तुमच्या कर खात्याला दिसतं, तुमच्या अग्निशमन दलाला का नाही?

तो रकाना येईपर्यंत काय? तोपर्यंत हायवेवर अशी गाडी उलटलेली दिसली तर निदान एवढं करा. वाऱ्याच्या उलट बाजूला, चढाच्या दिशेने लांब थांबा. गाडी बंद करा, सिगारेट विझवा. सांडलेली पावडर पायाने ढकलून बघू नका, पोती उचलून डिकीत टाकणाऱ्यांना हाका मारून परत बोलवा. व्हिडिओ काढायची एवढी हौस आहे ना, मग त्या कॅमेऱ्याचा झूम वापरा आणि पाटीवरचे चार आकडे लांबूनच वाचा. ११२ ला फोन लावून जागा, कुठल्या बाजूची लेन, गाडीचा नंबर आणि ते चार आकडे सांगा. आकडे नाहीच दिसले तर चिन्हाचा रंग सांगा: लाल-पांढरे उभे पट्टे म्हणजे ४.१, वरचा अर्धा पांढरा आणि खालचा लाल म्हणजे ४.२, आपोआप पेटणारं. आणि पूर्ण निळं असेल तर फोनवर दोनदा सांगा, की निळं आहे, पाणी आणू नका.